पुढे म्हणजे कुठे?

गोल घरात राहायला गेलेल्या माणसाच्या सगळ्यात आधी लक्षात येतं ते हे, की तोंड लपवायला कोपरा नाही. चौकोनी फ्लॅटला चिक्कार कोपरे असतात, शिवाय न्हाणीघराला आतून कडी असते. जन्मभर विनोदी लिहून उलानबातरच्या पाचव्या मजल्यावर मी जी काही प्रतिष्ठा जमवली होती ती बहुतेक त्या कडीच्या जोरावरच होती. हे मला फ्लॅट सोडल्यावर कळलं.

निवृत्तीनंतर मला साध्या राहणीची स्वप्नं पडायला लागली. दिवसाढवळ्या, सोफ्यावर आडवं पडल्यापडल्या. हिरवं कुरण, त्यात लोकरीच्या जाड नमद्याचं पांढरंशुभ्र गोल घर, आमचं गेर. छपराच्या मधोमध असलेल्या उघड्या चाकातून निघालेला निळसर धूर सरळ वर जातोय, लांब कुठेतरी घोडे नुसतेच उभे आहेत, आणि दारात मी. काहीही न करणारा मी. त्या स्वप्नात पाणी कोणी भरत नसे. सरपण कोणी आणत नसे. स्वप्नातलं पाणी आपलं आपण येतं.

हे स्वप्न मी माझ्या बायकोला, होर्लोला, सांगितलं. ती गेरमध्ये जन्मली, गेरमध्ये वाढली. मला वाटलं तिच्या डोळ्यांत पाणी येईल.

"अहो, माझं साधं जगून झालंय," ती म्हणाली. "शाळेच्या वसतिगृहात पहिल्यांदा नळ बघितला, तेव्हा संध्याकाळपर्यंत तो उघडझाप करत बसले होते मी. मला अजून त्याचा कंटाळा आलेला नाही."

"पण लहानपणीची ती मोकळी हवा, ते कुरण—"

"कुरणात मी हवा खायला नव्हते जात. पाठीवर करंडी घेऊन वाळलेलं शेण गोळा करायला जायचे. तुम्ही तेव्हा शहरात आइस्क्रीम खात होतात."

हे खरं होतं. मी आइस्क्रीमच खात होतो. आमच्याकडे उणे तीसमध्येही खातात. पण त्यामुळेच तर आता माझी पाळी होती ना? शेवटी आमचा तह झाला. होर्लो येईल, पण पहिल्या बर्फापर्यंत. "बर्फ पडलं की मी माझ्या नळाकडे. तुम्ही राहा तुमच्या घरात, हवं तितकं साधं." मी हसून मान डोलावली. खरं तर होर्लोशिवाय साधेपणाने राहणं मला जमण्यातलं नव्हतं. चहा मला करता येतो, पण तो मलाच प्यावा लागतो.

सरकारने नागरिकांना जमिनीचे तुकडे वाटले तेव्हा शहराबाहेरच्या एका खोऱ्यात आम्हालाही एक मिळाला होता. त्याला लाकडी कुंपण होतं, एक फाटक होतं, आणि बाकी गवत. वसंतात, धुळीच्या वादळाच्या दिवशी, मी तिथे गेर उभारलं. मुहूर्त पंचांगात बघूनच काढला होता, पण पंचांगात धूळ नसते. मदतीला आमच्या विनोदी मासिकातले माझे दोन जुने सहकारी होते, एक चित्रकार आणि एक मुद्रितशोधक. चित्रकाराने लाकडी जाळीच्या भिंती उलगडल्या आणि त्यांच्या रेषांचं कौतुक करत बसला. मुद्रितशोधकाने छपराचा एकेक दांडा डोळ्यांजवळ नेऊन तपासला. एकूण अर्थाकडे लक्ष देणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

आता दार. गेरचं दार दक्षिणेला असतं, हे आमच्याकडे तान्ह्या मुलालाही ठाऊक असतं. प्रश्न तो नव्हता. प्रश्न, दक्षिण कुठे आहे, हा होता. हवा विटकरी रंगाची झाली होती, सूर्याचा पत्ता नव्हता, आणि पाचव्या मजल्यावर आयुष्य काढलेल्या माणसाकडे दिशा नसतात, लिफ्ट असते. मी माझ्या मेहुण्याला फोन लावला. तो लांब गोबीच्या कडेला उंट सांभाळतो.

"दाजी, दार पुढे ठेवा म्हणजे झालं," तो म्हणाला.

"पुढेच ठेवतोय."

"अगदी पुढे?"

"अगदी."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भाषेत पुढची बाजू आणि दक्षिण दिशा यांना एकच शब्द आहे. मागे म्हणजे उत्तर. डावीकडे म्हणजे पूर्व, उजवीकडे म्हणजे पश्चिम. आमचे पूर्वज एकदा दक्षिणेकडे तोंड करून बसले, बसल्याबसल्या सगळी भाषा ठरवली, आणि मग उठायचं विसरले. कुरणात हे छान चालतं. शहरात मात्र दुकान बसथांब्याच्या पुढे असतं, बसथांबा शाळेच्या पुढे असतो, आणि दक्षिण बिचारी कुठेतरी हरवून जाते. माझ्या पुढे त्या क्षणी फाटक होतं. फाटकाच्या पुढे रस्ता होता. घराचं पुढचं अंग रस्त्याकडे असतं. मी दार फाटकाकडे लावलं.

होर्लो दुसऱ्या दिवशी बसने आली. फाटकातून आत आली, थांबली. गेरभोवती सूर्याच्या चालीने एक फेरी मारली, पुन्हा दाराशी आली.

"छान आहे," म्हणाली, आणि सामान आत नेऊ लागली.

तिच्या आवाजात काहीतरी होतं. मला वाटलं, भरून आलं असेल.

मग वादळ निवलं. पहाटे मी छपराच्या चाकाखाली पडून वर बघत होतो. चाकाच्या आऱ्यांमधून आकाश आधी राखाडी, मग दुधी, मग फिकट निळं झालं. एक घार आली, चाकाच्या एका भागातून दुसऱ्या भागात गेली आणि निघून गेली. नमद्याला मेंढीचा आणि पावसाचा मिळून एक वास येतो. त्या वासात माणसाला आपण कोणाचे तरी आहोत असं वाटतं. मी उठलो, दार उघडलं, आणि डावीकडून उगवणाऱ्या सूर्याला नमस्कार करायला हात उचलला.

सूर्य उजवीकडून उगवला होता.

पहिल्यांदा मला वाटलं, सूर्याचं काहीतरी चुकलंय.

मी तसाच उभा होतो, तेवढ्यात रस्त्यापलीकडून आमचे शेजारी आले. बाझारसाद यांचं नाव. सैन्यातले निवृत्त रणगाडाचालक. आमच्या दाराच्या बरोब्बर समोर त्यांचं दुमजली गुलाबी काँक्रीटचं घर होतं, आणि वरच्या गच्चीत ते हातात दुर्बीण घेऊन निवृत्तीचा काळ घालवत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं.

"लेखकदादा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "उत्तरेला दार! कधी बघितलं नव्हतं बुवा. मुद्दाम केलंय ना?"

माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात की खरं बोलायला फक्त एक शब्द लागतो. खोटं बोलायलाही एकच लागतो.

"मुद्दाम," मी म्हणालो.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. होर्लो हसली होती की भांडं पडलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

त्या एका शब्दाचं ओझं मी पूर्ण उन्हाळा वाहिलं. पहिली अडचण आत आली. गेरमध्ये शिरलं की डाव्या हाताला पाहुण्यांची, पुरुषांची बाजू. उजव्या हाताला बायकांची, स्वयंपाकाची. पण पाहुण्यांची बाजू पश्चिम असते आणि स्वयंपाकाची पूर्व. आमच्या घरात आत शिरणाऱ्याच्या डाव्या हाताला पूर्व होती. मग सामान हाताप्रमाणे लावायचं की दिशेप्रमाणे? बाझारसाद म्हणाले, हाताप्रमाणे, कारण सैन्यात हातच चालतात. माझा मेहुणा फोनवर म्हणाला, दिशेप्रमाणे, आणि मग, "पण असा प्रश्नच कसा आला, दाजी?" मी फोन बंद केला. होर्लोने कोणालाही न विचारता भांडी पूर्वेला लावली. येणारा प्रत्येक पाहुणा सवयीने डावीकडे वळायचा आणि थेट पिठाच्या डब्यावर बसायचा. बाझारसाद रोज बसायचे. त्यांची पाठ फिरली की त्यांच्या पाटलोणीवर पांढरा गोल दिसायचा आणि तो रस्ता ओलांडून गुलाबी घरात शिरेपर्यंत आम्हाला दिसत राहायचा.

होर्लोने फ्लॅटमधलं काचेचं कपाट सोडायला नकार दिला होता. कपाटाची पाठ सरळ आणि घराची भिंत वाकडी, त्यामुळे दोघांच्या मध्ये चंद्रकोरीएवढा अंधार उरायचा. तिथे बाझारसादांचं एक करडू येऊन झोपायचं. कपाटाच्या काचेत कपबश्या, कपबश्यांच्या मागे लाकूड, आणि लाकडाच्या मागे कोणीतरी संथ श्वास घेतंय. दुपारी मी तो श्वास ऐकत पडायचो. मला तेव्हा वाटायचं, साधेपणा म्हणतात तो हाच असावा. आपलं कपाटही झोप काढतंय.

आणि ऊन! गेरमध्ये घड्याळ लागत नाही. वरच्या चाकातून उन्हाची एक चकती आत पडते आणि दिवसभर भिंतीवरून, पलंगावरून सरकत जाते. जुनी माणसं त्यावरूनच गाई दोहायची वेळ ठरवत. भर दुपारी ती चकती उत्तरेला पोचते, म्हणजे घरातल्या मानाच्या जागी, देवाच्या पेटीवर. आमच्या उत्तरेला दार होतं. त्यामुळे आमच्याकडे मध्यान्ही सगळं तेज माझ्या बुटांवर पडायचं. उंबऱ्याशी ठेवलेले ते जुने बूट असे काही उजळून निघायचे की एकदा शेजारच्या खोऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आत आल्याआल्या त्यांच्याकडे बघून हात जोडले. मग त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून घेतले. ते त्यांनी ध्यान समजलं.

इथून प्रकरण हाताबाहेर गेलं. बाझारसादांनी गच्चीवरून जी बातमी पसरवली ती अशी: शहरातले एक मोठे विचारवंत खोऱ्यात आले आहेत; त्यांनी जगाकडे पाठ फिरवली आहे, आणि ती दारासकट. लोक यायला लागले. मी विचारवंत नाही, माझे वाचक साक्षीला आहेत. पण समोर पाच माणसं चहाचे वाडगे धरून गप्प बसली की माणसाला विचार सुचायला लागतात. मी म्हणालो, दक्षिणेला ऊन आहे, पण ऊन सगळ्यांनाच हवं असतं. मी म्हणालो, ध्रुवतारा उत्तरेला आहे. जो हलत नाही त्याच्याकडे तोंड करावं. हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालो.

"काय हो," पाहुणे गेल्यावर होर्लोने वाळलेल्या दह्याची वडी चघळत विचारलं, "तो न हलणारा तारा दुपारी दिसतो का?"

"तत्त्व म्हणून असतो."

"बरं," ती म्हणाली. "तत्त्वाला सांगा, पाणी संपलंय."

खोऱ्याच्या खालच्या टोकाला एका बँकेच्या निवृत्त मॅनेजरांचं उन्हाळी गेर होतं. ऑगस्ट सरताना मी फिरायला गेलो तर त्यांचं दार उत्तरेला! "तुमचंच वाक्य, सर," ते म्हणाले आणि आत बोलावून मला पिठाच्या डब्यावर बसवलं. त्यांच्या पलीकडच्यांनीही दार फिरवलं होतं. मी फिरणं तिथेच सोडून घरी आलो. एका माणसाची चूक असली की तो गाढव ठरतो, तिघांची झाली की पंथ निघतो, आणि पंथाच्या संस्थापकाला राजीनामा देता येत नाही.

त्याच सुमारास मला वॉर्ड ऑफिसात जावं लागलं, कारण वीज हवी तर पत्ता हवा. टेबलामागे दुलमजाव बाई बसल्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण शिक्क्यांमुळे मोठ्या दिसत.

"घर स्थावर की जंगम?" त्यांनी विचारलं.

"राहायला स्थावर, उचलायला जंगम."

"दोन्ही लिहिता येत नाही, काका."

"मग जंगम लिहा."

"जंगम घराला पत्ता देता येत नाही. उद्या घर निघून गेलं तर मागे राहिलेल्या पत्त्याचं मी काय करू?"

"घर कशाला निघून जाईल?"

"सगळे असंच म्हणतात." त्यांनी पुढची ओळ वाचली. "दार?"

"उत्तरेला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "उत्तरेला म्हणजे मागे. मागच्या बाजूला दार असलेल्या वास्तूला आम्ही गोदाम म्हणतो. गोदामात राहायला परवानगी नाही."

"अहो पण तीच माझ्या घराची पुढची बाजू आहे."

"पुढची बाजू मागे कशी असेल, काका?"

या प्रश्नाला आमच्या भाषेत उत्तर नाही. 

"मी पाहणीला येईन," बाई समजुतीने म्हणाल्या. "तोपर्यंत तुम्ही तिथे राहत नाही असं समजा."

"मग मी राहतो कुठे?"

"फ्लॅटमध्ये. आमच्याकडे नोंद आहे ना. सुखरूप आहात तुम्ही तिथे."

त्या दिवशी घरी परतताना मला त्या फ्लॅटमधल्या सुखरूप योंदोनचा, म्हणजे माझाच, हेवा वाटला. तो बहुतेक न्हाणीघरात कडी लावून बसला असेल.

मग वारा आला. दार दक्षिणेला का असतं, हे त्याने मला एका सकाळी समजावून सांगितलं, पूर्वजांना त्याने हजारो वर्षांपूर्वी सांगितलं होतं तसंच. उत्तरेचा वारा दारातून यायचा, चुलीत शिरायचा, आणि सगळा धूर, सगळी राख आणि त्या दिवशी कढत असलेलं जे काही असेल त्याचा वास घेऊन आमच्या अंगावर यायचा. कुरण पिवळं पडलं होतं. डोंगराच्या खांद्यावरची सुचीपर्णी झाडं सोन्यासारखी झाली होती, आणि ती सुया गाळायला लागली की सगळी दरी मंद सोनेरी धुक्यात तरंगत असल्यासारखी दिसायची. ते बघायला दार उघडावं लागायचं. दार उघडलं की चहात राख. होर्लो खोकत बसायची. तक्रार करायची नाही. तिने एक दिवस नुसतीच बॅग काढली आणि हिवाळ्याचे मोजे बॅगेत भरायला लागली.

"अजून बर्फ कुठे पडलंय?" मी म्हणालो.

"वास येतोय."

"कशाचा?"

"बर्फाचा. तुम्हाला नाही येणार, तुमच्या नाकात राख आहे."

मी चुलीतली राख उपसून बाहेर टाकली. मग म्हणालो, "होर्लो, दार फिरवलं तर?"

तिने मोजे खाली ठेवले. "आणि ध्रुवतारा?"

"ऋतू बदलला की तत्त्वानेही थोडं फिरावं."

"तुम्हाला माहीत होतं ना, पहिल्या दिवसापासून?"

"तिसऱ्या."

"आणि तुम्ही सबंध उन्हाळा मला राख खायला घातलीत."

"तुलाही माहीत होतं! पहिल्या दिवसापासून!"

"मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. "दार फिरवा. मोजे मी काही बाहेर काढत नाही. बर्फ पडलं की पडलं."

मी बाझारसादांकडे गेलो आणि ऋतू, तत्त्व वगैरे सगळं म्हणून दाखवलं. त्यांनी आदराने ऐकलं. पंथाच्या इतर सदस्यांना निरोप गेला. बँक मॅनेजर इतक्या आनंदाने धावत आले की मला वाईट वाटलं. आमच्याकडे कोणाचं गेर उभं राहताना दिसलं की वाटसरूनेही हात लावल्याशिवाय पुढे जायचं नसतं. त्यामुळे रस्त्यावरून जाणारे दोन ट्रकवाले, एक घोडेस्वार आणि नेमक्या त्याच दिवशी पाहणीला आलेल्या दुलमजाव बाई, सगळे आत ओढले गेले. बाईंनी फाइल कपाटावर ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

गेर पूर्ण मोडायची गरज नव्हती. सामान बाहेर काढायचं, चूल थंड करून धुराडं उतरवायचं, दोर सैल करायचे, मग सगळ्यांनी आत शिरून जाळीच्या भिंती धरायच्या आणि घर वीतभर उचलून जागच्या जागी सूर्याच्या चालीने अर्धी फेरी फिरवायचं. होर्लो आत मधोमध खांबांपाशी उभी राहिली, चाक डळमळू नये म्हणून. मी बाहेर, गवतात मांडलेल्या आमच्या पलंगावर बसून दिशा सांगणार होतो. माझ्या दिशाज्ञानावरचा त्या लोकांचा विश्वास बघून मला आजही गहिवरून येतं.

"उचला!" मी म्हणालो. पांढरं घर जमिनीपासून सुटलं. खाली फक्त बूट दिसत होते, लहानमोठे, कातडी, रबरी, एक जोडी उंच टाचांची. घर हळूहळू फिरलं. नारिंगी दार रस्त्यापासून निघालं, पश्चिमेला गेल्यासारखं वाटलं की पूर्वेला, आठवत नाही, पण शेवटी दक्षिणेला आलं आणि थांबलं. दारावर ऊन पडलं. मला इतकं बरं वाटलं की मी म्हणालो, "वा! आता जरासं पुढे, की बसवा."

माझ्या मनात होतं, जरा माझ्याकडे, म्हणजे रस्त्याकडे. जुन्या खुणेवर, एक पाऊल.

घर दक्षिणेला निघालं.

"थांबा!" मी ओरडलो. पण आत बाझारसादांनी रणगाडा पथकाच्या आवाजात ताल धरला होता. "डावा! उजवा! डावा! उजवा!" निम्म्या लोकांनी ते पायांसाठी घेतलं आणि निम्म्यांनी दिशांसाठी, त्यामुळे घर एकदा पूर्वेला झुकायचं, एकदा पश्चिमेला, आणि झुलत झुलत पुढे जात राहायचं. कुंपणाची दक्षिण बाजू वाऱ्याने आधीच आडवी झाली होती. घर तिच्यावरून सहज गेलं. त्या पिवळ्या गवतातून माझं पांढरं घर चाललं होतं, संथपणे, जणू त्याला कुठे जायचंय ते नीट ठाऊक होतं. चरणाऱ्या घोड्यांनी मान वर करून पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली. इतकं सुंदर दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. स्वप्नातसुद्धा माझं घर एका जागी उभं असायचं.

आणि मग त्या तालाच्या खालून मला होर्लोचा आवाज ऐकू आला. शांत, ओळखीचा. "पुढे. अजून पुढे. हां, टेकडीला वळसा घाला. पुढे."

घर टेकडीआड गेलं.

मी गवतात उरलो. पलंग, चूल, पिठाचा डबा, कपाट, कपाटावर सरकारी फाइल. कपाटाची पाठ आता उघडी पडली होती, आणि त्यामागचं करडू कावरंबावरं होऊन माझ्याकडे बघत होतं. तेवढ्यात फाइलवर काहीतरी पांढरं पडलं. मला वाटलं, राख. मग माझ्या हातावर पडलं आणि विरघळलं. मग कपबश्यांच्या काचेवर, चादरीवर, करडाच्या कानांवर. आवाज न करता पडत होतं. बर्फ पडलं होतं, घर निघून गेलं होतं, आणि घरात होर्लो होती. मोज्यांची बॅग कुठे आहे ते मी शोधलं. सामानात नव्हती. ती तिने बरोबरच नेली होती.

मी धुराडं खांद्यावर घेतलं आणि निघालो. का, ते विचारू नका. माणसाने रिकाम्या हाताने जाऊ नये.

वळणावर दुलमजाव बाई भेटल्या, फाइल घ्यायला परत येत होत्या. केसांत बर्फ, चेहरा लाल, प्रसन्न. "काका, तुमचं घर माझ्या हद्दीबाहेर गेलं!" त्या म्हणाल्या. "आता तुम्ही माझा प्रश्न नाही!" इतक्या मोकळेपणाने मला सरकारी ऑफिसातलं कोणी कधी हसलं नव्हतं.

टेकडीला वळसा घातला आणि मला घर दिसलं. उताराच्या कुशीत, पाठीशी डोंगर, दक्षिणेकडे तोंड. बर्फ मागून येऊन छपरावर थांबत होतं. दारापुढचं गवत कोरडं होतं. माणसं निरोप घेऊन पांगत होती. बाझारसाद मात्र बाहेर उभे राहून टाचा उंच करकरून आलेल्या वाटेकडे बघत होते.

"लेखकदादा, जरा गडबड झालीय," ते म्हणाले. "वहिनी म्हणाल्या इथेच ठेवा, म्हणून आम्ही ठेवलं. पण इथून माझं घर दिसतच नाही हो!"

"अरेरे," मी म्हणालो.

"गच्चीसुद्धा नाही!"

"फार वाईट झालं."

ते हळहळत गेले. त्यांच्या पाटलोणीवर त्या दिवशी पीठ नव्हतं. मी दारापासून थोड्या अंतरावर थांबलो. आत कोणीतरी काहीतरी लावत होतं, सरकवत होतं. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. ती उघडली की बंद झाली, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. आणि मला कळेना की आत कसं जावं. घर माझं होतं, पण ते माझ्या सांगण्यावरून इथे आलेलं नव्हतं. आमच्याकडे दुसऱ्याच्या गेरमध्ये जाताना दार वाजवत नाहीत. लांबूनच हाळी द्यायची, की बाबांनो, तुमचं कुत्रं आवरा. कुत्रं असो वा नसो. आतल्यांना कळतं, कोणीतरी आलंय.

मी धुराडं खाली ठेवलं, कपडे झटकले आणि हाळी दिली, "कुत्रं धरा हो!"



"कुत्रं नाहीये आपल्याकडे," होर्लोचा आवाज आला. "आणायला हवं."